कारण निवडा

फ्रेडा म्हणाली, दोन मिनिटांचं काम आहे.
फोनमधलं चालण्या-पळण्याचं ॲप
ऑफिसच्या 'हरित प्रवास'ला जोडून टाक,
मग रोज हाताने तक्ता भरायला नको.
किलोमीटरला एक गुण,
शंभर झाले की कापडी पिशवी.

घरी माझ्याकडे अशा पिशव्या सव्वीस आहेत.
तरी जोडलं.
अकाउंट्सचा आकडा मार्केटिंगच्या खाली,
हे काही मला बघवेना.

परवानगी द्या, म्हणाला पडदा.
स्थान: नेहमी.
हालचाल: सगळी.
नाडीचे ठोके:
इथे मी जरा अडखळले. मग, हो.

पहिल्या दिवशी चोडणच्या धक्क्यापर्यंत
रेघ हिरवी, खारफुटीला धरून वळत गेलेली.
मग फेरीबोट.
सायकल कठड्याला टेकवून मी उभी,
जुझे साखळी ओढतोय,
कुणाच्या तरी पिशवीतली कोंबडी माझ्या चपलेकडे बघतेय,
आणि ॲप विचारतंय:
तुम्ही पोहत होता का?

नाही रे बाबा.
मी नुसती उभी होते, मांडवी ओलांडत.
'नुसती उभी' असा पर्याय नव्हता.
मी 'सायकल' ठेवलं.
पाण्यावरून, पॅडल न मारता, सायकल चालवल्याचे
गुण माझ्या नावावर चढले.
अठरा वर्षांच्या नोकरीतली
ही माझी पहिली अफरातफर.

दुसऱ्या आठवड्यात लाल गाठ दिसायला लागली.
रायबंदरला, एका बाल्कांवच्या घरासमोर,
रेघ रोज स्वतःभोवती गुंडाळलेली.
थांबा, अकरा मिनिटे. थांबा, नऊ.
थांबा, चौदा. नाडी: संथ.
प्रवासात खंड. कारण निवडा:
पंक्चर. वाहतूक. हवामान. इतर.

कारण असं,
की त्या घराची इन्व्हेंटरी
सहा वर्षं पणजीच्या कोर्टात पडून आहे.
एका बाजूला मी,
दुसऱ्या बाजूला गुरुदास, माझ्या पाठचा.
तारखेला आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसतो,
वकील बोलतात, आम्ही पंखा बघतो.
माझा नवरा त्याचं नाव काढत नाही,
त्याची बायको माझं.
आणि रोज सकाळी आठ वीसला
तो कुंपणाशी दात घासत उभा असतो
आणि मी चेन बघायला म्हणून उतरते.

'पडली परत?'
'पडली.'
चेन नवीकोरी आहे, त्यालाही दिसते.
मग बिंबलाच्या लोणच्याला यंदा बुरशी आली,
धाकटीला गणित जड जातंय,
विहिरीत कासव पडलं होतं, टोपली सोडून काढलं.
एवढंच.
वाटणीबद्दल चकार शब्द नाही.

हे 'इतर'मध्ये लिहायचं तर
अक्षरमर्यादा पन्नास.

परवा फ्रेडा हसत आली,
तू रोज कुठे थांबतेस गं?
नकाशा सगळ्यांना दिसतो म्हणे.
चहाला असेल, मी म्हटलं,
आणि जेवणाच्या सुट्टीत सेटिंगमध्ये जाऊन बसले.
तिथे सोय आहे: तुमचं घर लपवा.
पत्ता टाका,
दोनशे मीटरच्या वर्तुळात काहीच उमटणार नाही.

मी चोडणचा टाकणार होते.
बोटांनी रायबंदरचा टाकला.
हेच तुमचं घर आहे का?
हो, दाबलं.
सहा वर्षं ज्याच्यावर कागदांचे गठ्ठे वाढताहेत
ते त्याने एका टिचकीत मान्य केलं,
साक्षीपुरावा न मागता.

आता रेघ मध्येच तुटते,
आणि पुढे कॉजवेवर, मिठागरांच्या बाजूने,
काही झालंच नाही अशी पाटोकडे निघते.
रोज चाळीस शतांश गुण जातात.
मार्केटिंग पुढे आहे.

आज तो चूळ भरून म्हणाला,
उद्या थांबू नकोस, तारीख आहे.
मी म्हटलं, तारीख साडेदहाला.
चेन आठ वीसला पडते.